न ओढलेल्या तारा

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. मूर्तिजापूरच्या एका पत्र्याच्या घरात राहते. माझ्या पोटावरचा रंग एका जागी पार उडाला आहे. तिथे देवमनचा हात टेकायचा.

कोणत्या कारखान्यात माझा जन्म झाला ते आता आठवत नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते अकोल्याच्या दुकानातून देवमनने मला उचललं तेव्हा. दिवसा तो भिंती रंगवायचा आणि संध्याकाळी गायन पार्टीत वाजवायचा. एप्रिल लागला की जयंतीच्या कार्यक्रमांतून आम्हाला उसंत नसे. देवमनची गिटार कधी सुरातून उतरत नाही, असं लोक म्हणत आणि मी फुगून जाई. श्रेय मात्र सगळं त्याचं होतं. नवी तार सुरात लावली तरी घटकाभरात उतरते. म्हणून तो कार्यक्रमाच्या तीन दिवस आधीच तारा बदलायचा. चावीवर तारेला दोन-तीन वेढे द्यायचा, बोट अडकवून ती हलकेच ओढायचा, सुरात लावायचा, पुन्हा ओढायचा. ती हट्ट सोडेपर्यंत हेच चालायचं. पण हे काम त्याने कुणालाच शिकवलं नाही. मुलगी नीलम त्याचं बघून वाजवायला शिकली होती, पण तारा बदलताना ती जवळ आली की म्हणायचा, "मी हाये ना. तुले काय कराचं हाये?" त्याचा हा स्वभाव मला कधीच आवडला नाही.

मग तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने त्याचं तोंड खाल्लं. शस्त्रक्रियेत जीभ गेली. सहा महिने तो नागपूरच्या दवाखान्यात होता आणि इकडे माझ्या तारांना गंज चढत होता. तिथे पडल्यापडल्या त्याने वहीत एक गाणं लिहिलं आणि घशातल्या घशात गुणगुणून नीलमला चाल दिली. जयंतीला ते तिच्या तोंडून ऐकायचं, एवढीच त्याची इच्छा उरली होती. ही जयंती पाहतील, पुढची धरू नका, असं डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, इंदूबाईला, सांगून ठेवलं होतं.

जयंतीच्या तोंडावर त्याला घरी आणलं, तेव्हा हातात पेन धरण्याइतकंही बळ त्याच्यात उरलं नव्हतं. जयंतीच्या सकाळी माझी एक तार तुटली. नीलम रेल्वेने अकोल्याला गेली आणि दुपारी नव्या तारा घेऊन आली. घाईघाईत सहाही चढवल्या, मोबाइलवर पाहून सुरात लावल्या. खाटेवरून देवमनने हात पुढे केला. वाकडं बोट हवेत ओढून दाखवलं, एकदा, दोनदा, तीनदा. त्याला वाजवायचं आहे असंच दोघींना वाटलं. त्यांना दम लागतो, गिटार देऊ नको, असं इंदूबाईने बजावलं.

नीलमने त्याचा हात धरून पांघरुणाखाली ठेवला. "बाबा, तुमी आराम करा. मले येते सारं."

त्याने डोळे मिटले. मला सगळं कळत होतं, पण कुणी वाजवल्याशिवाय मला वाचा नाही.

संध्याकाळी विहाराच्या पटांगणात त्याला पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं होतं. दुसऱ्या कडव्याला माझ्या तीन तारा उतरल्या. नीलमचा आवाज एकीकडे, मी भलतीकडेच. तिने थांबून मला लावलं, मी पुन्हा उतरले. शेवटी गाणं अर्धवट टाकून ती मान खाली घालून मंचामागे निघून गेली. लाज काय असते ते मला त्या दिवशी कळलं.

ढोलकीवाल्या किशोरने मंचामागे माझ्या तारा चाचपल्या. "ओढल्या नाई का ह्या? देवमन तं लय ओढे."

नीलमने वाकडं बोट हवेत ओढून पाहिलं, दुपारी बापाने ओढलं होतं तसं.

सकाळी ती मला घेऊन बापाच्या खाटेकडे आली, पण त्याचा श्वास अडकला होता आणि दारात गाडी उभी होती. चौथ्या दिवशी त्याला घरी आणलं ते पांढऱ्या कपड्यात.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्याच्या स्मरणाच्या कार्यक्रमाच्या, तीन दिवस आधी नीलमने पुन्हा नव्या तारा चढवल्या. बोटं सोलून निघेपर्यंत ओढल्या. कार्यक्रमाच्या दिवशी त्याच्या फोटोसमोर तिने ते गाणं पूर्ण म्हटलं. मी केसभरही उतरले नाही. लोक वाखाणत होते. ती मात्र माझ्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "आता काहून आली वं सुरात?"



मित्रांनो, तारा ओढायला तर कुणीही शिकेल. आजारी माणसाने हात पुढे केला, तर तो मायेने झाकून टाकू नका. काय हवं आहे ते आधी विचारा. आणि तुमच्या हातात एखादी विद्या असेल, तर बोलता येतं आहे तोवर ती कुणाला तरी सांगून ठेवा.