छान रडणारा माणूस

शनिवारी लॉन्ड्रीत दवाखान्याच्या चादरींचा ढीग येई. इस्त्रीवाली त्या डाव्या हाताने उरकत होती, कारण उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

"अगं, कडेला सुरकुत्या राहिल्या," शेजारच्या टेबलावरची म्हणाली. "पेशंट भांडायला येतील तुझ्याशी."

"येऊ देत की. तेवढंच कोणीतरी येईल."

थट्टा होती, पण खोटी नव्हती. नवऱ्याचं घर सोडून ती लॉन्ड्रीच्या माडीवर राहायला आली, तेव्हापासून त्या जिन्यावर फक्त तिचीच पावलं वाजत. लग्नापासून ज्या ख्रिस्ती मंडळीत ती दर रविवारी उपासनेला बसली, तिथल्या बायका रस्त्यात दिसल्या की अचानक पिशवीत काहीतरी शोधू लागत.

त्यांचंही बरोबर होतं म्हणा. तिचा नवरा वायरमन. प्रार्थनागृहातला माइक त्याने बसवलेला, पंखे त्याने टांगलेले. कोणाचा फ्यूज उडो, हा जेवणावरून उठून यायचा. मंडळीतल्या घराघराच्या भिंतीत त्याची वायर होती. अशा माणसाविरुद्ध बोलायचं म्हणजे अंधारात बसायची तयारी हवी.

शिवाय त्याने कबुली दिली होती. मागच्या रविवारी, स्वतः बसवलेल्या माइकसमोर उभं राहून. "घरात माझ्याकडून चूक झाली. प्रभूने क्षमा केली, तुम्हीही करा," म्हणाला आणि ढसाढसा रडला. म्हाताऱ्यांनी मिठ्या मारल्या, बायकांनी डोळे टिपले. असं तो पूर्वीही रडला होता, आणि प्रत्येक वेळी मंडळीला आपल्याच दयाळूपणाचं भरतं आलं होतं. मार दुसऱ्याने खाल्लेला असला की क्षमा फार स्वस्त पडते.

संध्याकाळी मात्र जिन्यावर पावलं वाजली. मंडळीचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, आणि त्यांची बायको. खोलीत खुर्ची एकच, त्यामुळे पाळक उभेच राहिले. माणूस भला. भांडणाला घाबरायचे, आणि लोक त्याला शांत स्वभाव म्हणायचे.

"ताई, उद्या प्रभुभोजन आहे, प्रभूच्या नावाने भाकर वाटायची. रीत तुम्हाला माहीत आहे. ज्यांच्यात बिनसलंय त्यांनी आधी हात मिळवायचा. जो मिळवत नाही, त्याला भाकर देता येत नाही मला."

"हात मिळवला की घरी जावं लागेल?"

"संसार म्हटला की... एवढा रडला तो, सगळ्यांदेखत."

"रडतो छान. मलाही पूर्वी खरं वाटायचं."

"कृपा मोजून द्यायची नसते, ताई."

"मोजत नाही मी. माझ्या मनात त्याच्यासाठी शाप नाही. पण त्या घरात मी झोपू शकत नाही. दार वाजलं की हात आपोआप पाठीमागे जातो." तिने प्लास्टर पदराखाली घेतलं. "ती भाकर मला हवीय, पाळकसाहेब. तिथे बसते तेव्हाच वाटतं, आपण कोणाचे तरी आहोत."

पाळकीणबाई खिडकीतून खाली बघत राहिल्या. पाळक म्हणाले, "रीत मी केलेली नाही." आणि दोघं उतरून गेले.

रविवारी वायरमन पुढच्या बाकावर होता, शेजारी त्याची आई. तिला सगळे मोठीआई म्हणत. सून घर सोडून गेल्यापासून बाई कोणाशी फारशी बोलली नव्हती. इस्त्रीवाली मागे बसली. तिच्या बाकावर दुसरं कोणी बसलं नाही.

वायरमन उठला, मागे आला, हात पुढे केला. सगळ्या माना वळल्या.

"नको," ती म्हणाली. "मी घरी येणार नाही."

"बघा!" कोणीतरी पुटपुटलं. "एवढा वाकला बिचारा, आणि हिचा ताठा बघा."

तो मान खाली घालून जागेवर गेला. पाळकांनी ताट उचललं. भाकर बाकाबाकावरून फिरली, तिच्या बाकाशी आली आणि पुढे गेली. तिने मांडीवरचा पदर सारखा केला. करायला दुसरं काही नव्हतं.

ताट फिरत फिरत पुढच्या बाकावर वायरमनपाशी आलं, तेव्हा मोठीआई उभी राहिली.

"त्याला देऊ नका."

"आई, बस खाली."

"गप रे. पाळकसाहेब, याने चूक केली म्हणाला. कोणती चूक, ते विचारलंत का कोणी? दूध उतू घालवलं होतं याने?" तिने मागे सुनेकडे बोट केलं. "पोरीचं मनगट याने दाराच्या फटीत धरलं आणि दार लोटलं. मी पलीकडच्या खोलीत होते. ऐकत होते, आणि आतून कडी लावून बसले. हे माझं पाप. मी नाव घेऊन सांगितलं. आता याला सांगू दे."

वायरमनचे डोळे भरून आले.

"रडू नको," आई म्हणाली. "बोल."

तो बोलला नाही. पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. लोक वाट बघत राहिले, मग वाट बघणंही जड झालं, आणि एकेक जण आपल्या बुटांकडे बघू लागला.

पाळकांचा चेहरा उतरला होता. ते ताट घेऊन मागे वळले आणि सगळी मंडळी ओलांडून शेवटच्या बाकापर्यंत चालत गेले.

"ताई, रीत चुकली. मीही चुकलो," ते मोठ्याने म्हणाले. तिने डाव्या हाताने भाकर घेतली.

मग ते मोठीआईपाशी आले. तिने ताटावर हात आडवा धरला.

"मला आज नको. याला नाही, तर मलाही नाही. हा खरं बोलेल त्या दिवशी दोघं घेऊ."

"आणि नाही बोलला तर?"

"तर मीही उपाशी. आई आहे मी याची."

उपासना संपली. लोक नेहमीपेक्षा लवकर पांगले. दारात हसणं नाही, विचारपूस नाही. इस्त्रीवाली एकटीच रस्त्याला लागली. तिच्याशी काय बोलावं, हे अजून कोणाला सुचलं नव्हतं. आत रिकाम्या बाकांमध्ये मोठीआई मुलाच्या खांद्याला खांदा लावून बसली होती. तिने त्याला जवळ घेतलं नाही, आणि सोडूनही गेली नाही.