कढीत उतरलेली कांडी

मी एक कांडी बोलतेय. पुरी नाही, अर्धीच. उरलेली अर्धी कुठे गेली हे सांगायलाच तोंड उघडलंय, नाहीतर माझ्यासारखीनं गप्प बसलेलंच बरं.

पाहिलंत तर तुम्हीही मला हातात घ्याल. बोटाएवढी जाड, आणि चकाकते अशी की चांदी वाटावी. लोक बघून खूश होतात. मला मात्र आता कोणी खूश झालं की कुठे तोंड लपवू असं होतं.

माझा जन्म चंद्रपूरचा, खुशाल गुरनुलेंच्या पत्र्याच्या शेडमधला. रसायनं शिकलेला माणूस. रंगाच्या कारखान्यातली नोकरी सोडून स्वतःच काहीबाही शोधत बसायचा. सूरजागडकडच्या लाल दगडाचा भुगा वाटून त्यानं एक लाल रंग काढला होता. दाराला लावा, बैलगाडीच्या चाकाला लावा, उन्हापाण्यात जरा म्हणून फिका पडायचा नाही. एक हिरवाही काढला होता, पण तो दोन उन्हाळ्यांत खाकी झाला. त्याची बायको म्हणायची, आपल्या घराला तेवढा लावू नका, लोक तक्रार नोंदवायला येतील.

मग त्यानं जस्त आणि कथील एकत्र वितळवून मला ओतलं. लोखंड तापवायचं, त्यावर मला घासायचं, की त्याला गंज चढत नाही. विहिरीची कडी, फाटकाच्या बिजागऱ्या, नांगराचे बोल्ट, यांच्यासाठी मी होते. पण वर्ष झालं तरी मला विचारायला कोणी येईना. खुशालभाऊ रोज मला फडक्यानं पुसायचा आणि परत फळीवर ठेवायचा.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी नवाब आला. ब्रह्मपुरीचा कल्हईवाला. भाता, नवसागर आणि कापसाचा बोळा घेऊन गावोगाव फिरायचा. कथील महागलं होतं आणि लोक स्टीलकडे वळले होते, म्हणून बिचारा कातावलेला. त्यानं मला एका तापल्या पत्र्यावर घासून पाहिलं आणि बघतच राहिला.

"खुशालभाऊ, अशी चमक तर माह्या अब्बाच्या हाताले बी नाई आली."

आजवर कोणी एवढं म्हटलं नव्हतं. खुशालभाऊचा चेहरा असा फुलला की त्यानं आमच्यापैकी पाच जणी कागदात गुंडाळून नवाबला देऊन टाकल्या. 'भांड्याला तर नाही ना लावणार?' हे त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. मी समोर होते, मला दिसलं. पण विचारलं असतं तर ते कौतुक तिथेच संपलं असतं. त्यानं विचारलं नाही. नवाबनंही विचारलं नाही. आणि मी? मी चमकत होते.

वैनगंगेकाठच्या एका गावात लग्नाकार्याला सगळ्यांनी मिळून वापरायचं एक पितळी पातेलं होतं. नवाबनं माझी अर्धी कांडी त्याच्या पोटात फिरवली. आख्खं गाव त्यात तोंड बघून गेलं. खरं सांगते, मी तेव्हा भारी माजले होते.

दोन दिवसांनी नथ्थूभाऊंच्या मुलीचं लग्न. कढी सुगंधाबाईची. तिच्या कढीसाठी म्हणे सोयरे लग्नाची तारीख बदलायचे. तिची एक रीत होती. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय चव घ्यायची नाही. मीठ-आंबट सगळं वासावर. पंचवीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

कढी सकाळीच झाली. वऱ्हाडाची जीप मात्र वाटेत बंद पडली. मे महिना, ताक आधीच आंबट, आणि पंगत बसली दुपारी तीनला. तोवर मी कढीत उतरत होते. काठाकाठानं सुटत होते आणि मला थांबता येत नव्हतं. मी लोखंडासाठी होते हो, आंबटासाठी नव्हते!

तासाभरात मांडवामागे ओकाऱ्यांची रांग लागली. म्हाताऱ्या दसरूभाऊंना ब्रह्मपुरीला नेऊन सलाईन लावावं लागलं. सुदैवानं जीव कोणाचा गेला नाही. पण आपल्याकडे कढीनं उलटी झाली की एकच कारण असतं: पाल पडली. पातेलं उपसलं, पाल नव्हती. कढीपत्त्याची एक काळपट काडी मिळाली, तिला कोणी शेपूट म्हटलं आणि मग ते शेपूटच झालं. सुगंधाबाईला विचारलं, तू चाखली होती काय? ती खोटं कसं बोलणार? नाही म्हणाली. त्या दिवसापासून तिला कोणी चुलीवर बोलावलं नाही.

नवाब पातेलं बघायला आला. आतली चमक गेलेली, पांढरट डाग पडलेले. त्यानं ओळखायचं ते ओळखलं. मला घेऊन तडक चंद्रपूरला गेला. खुशालभाऊनं एका वाटीत आंबट ताक घेऊन त्यात माझा तुकडा टाकला. मी पांढरट पडत ताकात उतरताना दोघं शेजारी बसून बघत राहिले. संध्याकाळी खुशालभाऊ एवढंच म्हणाला, "मीच इचारायले पाहिजे होतं." मग त्यानं आपल्या त्या न जाणाऱ्या लाल रंगानं उरलेल्या प्रत्येक कांडीवर लिहिलं, 'भांड्याला लावू नये'. माझ्यावरही. पण त्या गावात जाऊन सांगायला तो गेला नाही, की नवाब गेला नाही.

नवाबनं काय केलं, तर जिथे जिथे आम्हाला लावलं होतं ती भांडी खरवडून खऱ्या कथलाची कल्हई करून दिली. फुकट. लोक म्हणाले, काय दिलदार माणूस! मी पिशवीच्या तळाशी ते ऐकत होते. माझी लाज वाटायची ती वाटायचीच, आता त्याचीही वाटायला लागली.

आठ वर्षं गेली. सुगंधाबाईच्या उर्वशीचं लग्न ठरलं. मुलगी हिची, पण स्वयंपाकाला माणसं ब्रह्मपुरीची आणली होती, आणि कढी तर करायचीच नाही असं ठरलं होतं. सुगंधाबाई मांडवाच्या कोपऱ्यात मोकळे हात घेऊन बसली होती. आणि गावानं सत्कार कोणाचा करावा? फुकट कल्हई करून देणाऱ्या नवाबचा. दसरूभाऊंनी स्वतः टॉवेल-टोपी दिली.

नवाबनं टोपी डोक्यावरून काढली. पिशवीत हात घालून मला बाहेर काढलं आणि सुगंधाबाईसमोर जाऊन खाली बसला.

"बाई, पाल नव्हती. माही कलई होती. आंबटात उतरली."

तिनं माझ्यावरच्या लाल अक्षरांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "आठ वर्षं झाली, नवाबभाऊ. आता तर मले ते पाल दिसते. शेपटासकट दिसते."

तिनं मांडवात बसलेल्या गावाकडे बोट दाखवलं.

"मले काय सांगून राह्यले? त्यायले सांगा."

त्यानं माईक घेतला आणि सगळं सांगितलं. आठ वर्षं सलाईनची गोष्ट रंगवून सांगणारे दसरूभाऊ खाली बघत बसले. टॉवेल-टोपी परत घ्यावी की राहू द्यावी, हेच कोणाला सुचेना.

सुगंधाबाईनं मला मागून घेतलं. तेव्हापासून मी तिच्या घरी, मिठाच्या बरणीशेजारी आहे. माझं एकच मागणं आहे. मला लोखंडाला लावा, तिथे मी चांगली आहे, खुशालभाऊनं त्यासाठीच मला केलं. आणि माझी चमक आवडली तर आधी विचारा, ही कशासाठी आहे. विचारायला लाजू नका.

गाव आता पुन्हा तिला बोलावतं. कढी तशीच होते, सोयरे बोटं चाटतात. फक्त तिची ती जुनी रीत गेली. आता नैवेद्याच्याही आधी ती पहिली वाटी स्वतः पिते, पदरानं तोंड पुसते, आणि तासभर चुलीपाशी बसून राहते. काही होत नाही हे बघून मगच पंगत बसा म्हणते.