साखळीची कात्री आणि लांबडीचा फ्रॉक

मी कात्री बोलतेय. माझ्या कड्यात साखळी अडकवलीय आणि साखळीचं दुसरं टोक टेबलाच्या पायाला. हा तुरुंगातल्या बायकांचा शिवणवर्ग.

आधी मी एका शिंप्याकडे होते. तो माझ्या टोकाने पाठ खाजवायचा, चहाच्या पुड्या फोडायचा, वर बोथट झालीस म्हणून मलाच शिव्या द्यायचा. पण दुकानभर फिरायचे तरी. म्हातारी झाले तसं त्याने मला इथे देऊन टाकलं. आता मला कुठे जाता येत नाही, कापडानेच माझ्याकडे यायचं.

शिकवायला बाई येतात. दारावर त्यांची पिशवी, डबा, अंबाडासुद्धा चाचपतात. आत आल्या की त्यांच्याही मागे कुलूप लागतं. कुणी काय केलं ते विचारायचं नाही, कुणाचा निरोप बाहेर न्यायचा नाही. घरीसुद्धा दार लागलं की छातीत धस्स होतं, असं त्या एकदा बोलून गेल्या. बायका हसल्या. म्हणाल्या, बाई, तुम्ही अजून कच्च्या कैदी.

त्यांतल्या एकीला सगळ्या लांबडी म्हणतात. दारातून वाकून येते ती. लेक पहिल्यांदाच भेटायला येणार म्हणून तिने फ्रॉक बेतला. कापला मीच. शिवून झाल्यावर तिने तो हौसेने वर धरला, आणि बाईंचा चेहरा उतरला.

"लेक केवढी गं तुझी?"

"माझ्या मांडीएवढी."

"हे कधीचं?"

लांबडीने फ्रॉक खाली घेतला. ती आत आली तेव्हाचं माप होतं ते. बाईंना गप्प राहता आलं असतं. पण त्या हळूच म्हणाल्या, "तुझीच लेक ना? मग वाढली असणार. खाली झालर लाव." उरल्यासुरल्या तुकड्यांची झालर लागली, रंगाला रंग नाही.

भेट झाल्यावर लांबडी वर्गात आली. म्हणाली, फ्रॉक कमरेखाली जेमतेम आला, काखेत काचत होता, पण पोरीने काही काढला नाही. अंगावरच्या कपड्यांवर तसाच घालून गेली.

बाईंनी नवं कापड पसरलं. उंची किती घेऊ, विचारलं.

"मी सुटेन त्या दिवशी ती केवढी असेल, तेवढी घ्या."

बाईंनी टेप उचलली आणि लांबडीच्याच खांद्यापासून खाली सोडली.

एवढं लांब कापड मी इथे कधी कापलं नव्हतं. साखळी पुरेना. बाई कापड माझ्याकडे सरकवत राहिल्या, लांबडी दुसरं टोक धरून उभी.

मला सोडवा असं म्हणत नाही मी. तेवढी धार लावून द्या कुणीतरी. त्या पोरीला वाढायचंय अजून.