मालनआत्याची गाडी बंद होण्याआधी

मालनआत्याची चाहूल आधी शिट्टीने लागायची. हिवाळ्याच्या सकाळी ज्वारीच्या ताटांवरचं दव अजून सुकलेलं नसायचं, ऊन नुकतंच बांधावर येऊन टेकलेलं असायचं, आणि चकलांब्याकडे जाणाऱ्या चढावरून, इंजिनाच्या जाड घरघरीवर तरंगत, एक बारीक, ताणलेला स्वर वर वर चढत जायचा आणि माथ्यावर पोचला की विरून जायचा. ती शिट्टी आत्याची नव्हती, गाडीतल्या टर्बोची होती. पण आमच्या शिवारात तो फरक कुणी केला नाही. रानात खुरपणाऱ्या बाया मान वर न करता म्हणायच्या, "मालन चढली."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्या शेजारचंच घर तिचं. यजमान गेल्यावर त्यांची दुधाची पिकअप विकायला निघाली, तेव्हा ती तिने विकू दिली नाही. पडीक रानात फिरवून फिरवून शिकली आणि वस्त्यावस्त्यांवरचं दूध गोळा करून डेअरीला घालू लागली. काटक शरीर, कपाळावर हिरवं गोंदण, पदर कानांवरून घट्ट आवळलेला, वर यजमानांचा तपकिरी स्वेटर. गिअरच्या दांड्यावर तिचा डावा हात असा विसावलेला असायचा, जणू ओळखीच्या म्हशीच्या पाठीवरच ठेवला आहे. दुधाचा, डिझेलचा आणि ओल्या गोणपाटाचा मिळून एक वास तिच्याभोवती होता. आजही दुधाच्या कॅनचं झाकण उघडलं की तो मला अर्धाच भेटतो, आणि उरलेला अर्धा कुठे मिळतो ते मला ठाऊक नाही.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. हे मी मिरवतो, आणि का मिरवू नये? मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला टर्बो उभा कापून त्याचं मॉडेल मी माझ्या हाताने केलं होतं. सुट्टीत घरी आलो तेव्हा आत्याच्या चुलीपुढे बसून तिला तो समजावूनही सांगितला. चुलीत फुंकणीने जास्त वारा घातला की जाळ मोठा होतो. इंजिनाचंही तसंच, हवा जास्त कोंबली की तेवढंच जास्त डिझेल जाळता येतं, आणि लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. कौतुक पुढेच आहे. ही फुंकणी फुंकायला वेगळं कुणी लागत नाही. जळून निघालेला धूर, जो एरवी वाया जायचा, तो बाहेर पडता पडता एका दांड्यावरचं चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात लोटतं. मिनिटाला लाखाच्या वर फेरे. तोच त्या शिट्टीचा आवाज.

आत्या बराच वेळ जाळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे धूरच फुंकणी फुंकतो? आन् इथं माज्या डोळ्यात जातो तो कावून फुकट जातो रं?"

तिचं उत्तर नेहमी असं उशिरा यायचं. टर्बोच्या गाडीत पाय दाबल्यावर अर्धा श्वास काहीच घडत नाही. धूर वाढायचा, चक्राने वेग घ्यायचा, हवा भरायची, आणि मग एकदम पाठीत हात घालून कुणी पुढे लोटावं तशी गाडी निघते. आत्याशी बोलणाऱ्या माणसाला तो मधला अर्धा श्वास नेहमी फसवायचा. त्याला वाटायचं, बाईकडे उत्तर नाही.

आणि ती घरी यायची तेव्हा एक गोष्ट ठरलेली असायची. दूध घालून, पांदीच्या कच्च्या वाटेने हेलकावत गाडी अंगणात लिंबाखाली येऊन उभी राहायची, पण बंद व्हायची नाही. यजमानांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं, की टर्बो तापलेला असतो, तेलावर फिरतो, आल्या आल्या इंजिन बंद केलं तर तेल थांबतं आणि तापल्या दांड्यावर जळतं. म्हणून मिनिटभर चालू ठेवायची. आत्याने ते मिनिट व्रतासारखं पाळलं. कानांवरचा पदर सोडायची, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवायची, आणि थरथरणाऱ्या काचेतून समोर बघायची. काचेवर लिंबाची सावली हलायची, तिच्या चेहऱ्यावरही हलायची. डोळे उघडे असायचे, तरी कुणी समोरून गेलेलं तिला दिसायचं नाही. घरात म्हशीची वैरण, सुनेचे प्रश्न, दुधाचा हिशेब विचारायला आलेली माणसं, सगळे तिच्या उतरण्याची वाट बघत असायचे.

"आईची समाधी लागली," असं तिचा मुलगा दत्ता म्हणायचा. त्याला ते डिझेल डोळ्यांसमोर जळताना दिसायचं. एका दुपारी त्याने मला अंगणात सगळ्यांदेखत धरलं. "तू सांग बे, तू शिकलेला हाईस. लागतं का हे? न्हाई लागत म्हणलास तर उद्यापास्नं बंद. बंद म्हंजे बंद."

आत्या तेव्हा गाडीतच होती, खिडकीची काच खाली. तिने माझ्याकडे पाहिलं. विनंती नव्हती त्या पाहण्यात. एवढंच होतं, की तू जे बोलशील ते या घरात टिकेल, हे तिला माहीत होतं. प्रश्न टर्बोचा होता, पण जाणार होतं ते दिवसातलं तिचं एकुलतं मिनिट, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. तरी जे शिकलो त्याच्याशी खोटं बोलणं मला जमत नाही. मी म्हणालो, "चढानंतर गाडी पांदीने सावकाश येते. घरी येईपर्यंत टर्बो निवलेला असतो. गाडीला गरज नाही, आत्या."

दत्ताने टाळी वाजवली. "झालं! इंजिनेर सायबानं निकाल दिला!"

इंजिन चालूच होतं. अर्धा श्वास गेला. मग आणखी एक.

"गाडीला नसंल," आत्या म्हणाली. "मला हाय. खाली उतरले की मी तुमची, समद्यायची. तवर माजी."

एवढं बोलून ती पुन्हा काचेतून समोर बघू लागली. दाराशी दत्ताची बायको सुनीता सूप घेऊन उभी होती, तिने ते सूप खाली ठेवलं आणि उगाच पदर नीट केला. थोड्या वेळाने गाडी बंद झाली. त्यावर पुन्हा कधी कुणी काही बोललं नाही. उलट पुढे एकदा शेजारचे नाना गाडीशी जाऊन हाका मारायला लागले, तर दत्तानेच त्यांना बाजेवर बसवलं. "बसा की नाना, लई घाई हाय का तुमाला? उतरू द्या तिला."

आत्याला जाऊन आता एक पावसाळा उलटला. दूध दत्ता घालतो. मागच्या महिन्यात गावी गेलो तेव्हा सकाळी चढावर तीच शिट्टी ऐकली, आणि खुरपणारी एक बाई सवयीने "मालन" म्हणून मधेच थांबली. पुढे गाडी लिंबाखाली आली. रिकामे कॅन उतरवायला हात द्यावा म्हणून मी पुढे झालो, तशी सुनीता मागून म्हणाली, "थांबा भावजी. गाडी चालू हाय अजून."

मी थांबलो. दत्ता आत बसून होता, हात मांडीवर, तोंडावर लिंबाची सावली. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मग त्याने चावी फिरवली, घरघर थांबली, आणि पाठोपाठ उरलेला तो बारीक सूर हवेत पातळ होत गेला. हे कसं होतं ते मला ठाऊक आहे: जाळ विझतो, धूर थांबतो, तरी आतलं चक्र आधी मिळालेल्या वेगावर काही काळ फिरत राहतं. किती काळ, ते यंत्राच्या बाबतीत मोजता येतं. त्या अंगणात मात्र मी ऐकत उभा होतो, आणि ते अजून थांबलेलं नव्हतं.