रिकामा बार

मित्रांनो, नागपुरातल्या एका नेमबाजी क्लबच्या भिंतीला टेकून उभी असलेली, हवेच्या दाबावर चालणारी जुनी छऱ्यांची रायफल म्हणजे मी. माझ्या दस्त्यावरचं पॉलिश कित्येक मुलांच्या गालांनी घासून नेलं आहे. मी घडले, तेव्हा कारागिराने मला शिकंज्यात आवळून पाच छर्रे एकाच भोकातून पार करवले होते. त्या गुणावर मी वीस वर्षं मिरवले. मग नव्या रायफली आल्या आणि मी कोपऱ्यात गेले.

यंदा मी नूपुरच्या हाती आले. धरमपेठेतली ही नववीतली मुलगी मोबाइलवरच्या बंदुकीच्या खेळात भल्याभल्यांना पाणी पाजते. त्या खेळात कितीही नीट धरा, गोळ्या नेमाभोवती फाकतातच. शिवाय बंदुकीचं तोंड वर उडतं, म्हणून नेम सारखा खाली ओढावा लागतो. खरी बंदूकही अशीच असणार, असं तिने धरून ठेवलं होतं.

जिल्हा संघाच्या निवडीला आठवडा उरला आणि तिचे छर्रे निशाणाच्या कागदावरच्या काळ्या वर्तुळाखाली विखरू लागले.

"सर, ही रायफलच खराब आहे. छर्रे फाकून राहिले," ती प्रशिक्षक धम्मानंद सरांना म्हणाली.

क्लबचे सचिव मुकुंदराव तिथेच होते. "जुनी झाली ना. संध्याकाळी भंगारवाला येऊन राहिला, देऊन टाका."

मी हबकले. वाचा असती तर ओरडून सांगितलं असतं, पोरी, खेळ बनवणाऱ्यांनी हाताची थरथर बंदुकीच्या नळीत कोंबली आहे. खऱ्या नळीतून छर्रा जेमतेम केसभर फाकतो.

सर कागदावरची भोकं निरखत होते. "नळी घासली असती तर चहूकडे गेले असते. हे सगळे खालीच काहून गेले वं? आण, मी भरून देतो."

त्यांनी पाठ फिरवून हवा भरली, छर्रा मात्र घातला नाही. नूपुरने श्वास रोखून चाप ओढला. नुसतं फुस्स झालं आणि माझं तोंड बोटभर खाली गेलं. सगळ्यांनी ते पाहिलं. तिचे कान लाल झाले.

"खेळातली सवय आहे ते. चाप ओढतानाच हात खाली खेचून राहिली तू," सर म्हणाले. "मुकुंदराव, एक घंटा द्या मले."

मग सर भरून देत राहिले. छर्रा आत आहे की नाही, तिला सांगत नव्हते. मला कळत होतं. रिकामी, रिकामी, पुन्हा रिकामी. दर वेळी माझं तोंड थोडं कमी हलत होतं. बाहेर भंगारवाल्याचा हातगाडा येऊन थांबला.

तेवढ्यात छर्रा आत सरकला. माझा जीव टांगणीला लागला. तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिने चाप ओढला आणि हात जागच्या जागी ठेवला.

कागदाच्या मधोमध भोक पडलं. नूपुरने दस्त्यावरचा गाल उचललाच नाही.

"हिला भंगारात नका देऊ," ती हळूच म्हणाली. "चूक माझी होती."

मित्रांनो, नळीला तेल द्या, ओल लागू देऊ नका, एवढं तर मी मागतेच. पण माझ्यासारख्या एखाद्या जुन्या रायफलीला खराब ठरवण्याआधी एकदा रिकामी चालवून बघा. तोंड कोण हलवतं, ते दिसेल.