ढग म्हणून पुसलेलं पाणी

या, असे जवळ सरका. दाराशी कशाला उभे राहता, आत भरपूर जागा आहे. आज एक गोष्ट सांगतो. गोड नाही, आधीच सांगून ठेवतो. ऐकताना तुमचं तोंड कडू होईल. माझं तर सांगतानाच होतं. पण देवाच्या नावानं बसलेल्यांनी नेहमी गोडच ऐकावं, असं देवानं कुठं म्हटलंय?

समुद्रावर लक्ष ठेवणाऱ्या एका कचेरीत मी टायपिस्ट होतो. लक्ष म्हणजे दुर्बीण लावून नव्हे हं. वर उपग्रह फिरतो, तो रोज पाण्याचा रंग आणि उष्णता टिपतो. त्याचा नकाशा आमच्या दुसऱ्या मजल्यावर तयार व्हायचा. खाडीत तराफ्यांना दोर बांधून लोक खायच्या शिंपल्या वाढवत. त्या आठवड्यात काढायच्या की नाही, हे त्या नकाशावरून ठरे. हिरवा असेल तर काढा, लाल असेल तर थांबा. आणि तो निकाल पत्रकात उतरायचा तो या माझ्या बोटांनी.

नकाशा करणाऱ्या मुलीला सगळे ढगवाली म्हणत, कारण तिचं निम्मं काम ढग पुसण्याचं. ढगाखालचं पाणी दिसत नाही, म्हणून जे जे फार चकाकतं ते यंत्र ढग समजून काढून टाकी. तेवढ्या जागी नकाशाला पांढरं भोक पडे. साहेबांना भोक खपत नसे. "भोकं पडलेला नकाशा वर पाठवायचा? बनियन आहे का तो?" म्हणून भोकात मागच्या आठवड्याचा रंग भरायचा, ही त्यांनी घालून दिलेली पद्धत. बनियनच्या विनोदाला आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो.

एका मंगळवारी सकाळी ढगवाली दोन कागद घेऊन साहेबांच्या खोलीत आली. मी पत्रक लिहून घ्यायला तिथंच बसलो होतो. साहेब नखं कापत होते.

"साहेब, खाडीच्या तोंडाशी भोक पडलंय. तीन दिवस झाले, एकाच जागी."

"मग भरा."

"ढग तीन दिवस एका जागी बसून राहत नाही. आणि हा उष्णतेचा नकाशा बघा. ढग असता तर गार दिसला असता. हे गरम आहे. हे पाणीच आहे, साहेब. वर शेवाळाचा इतका जाड तवंग आलाय की यंत्राला तो ढग वाटतोय."

हे शेवाळ म्हणजे काय, तेवढं सांगतो. डोळ्याला दिसत नाही इतकं बारीक असतं, पण फोफावलं की पाण्याचा रंग बदलतो. त्यातलं काही विषारी. शिंपल्या ते गाळून पोटात साठवतात. शिंपलीला ढिम्म काही होत नाही, खाणाऱ्याचा श्वास बंद पडतो. शिजवूनसुद्धा ते विष जात नाही.

"विषारी आहे हे कुणी सांगितलं तुम्हाला?" साहेबांनी अंगठ्याचं नख धरलं.

"वरून ते कळत नाही. पाणी तपासायला हवं, दोन दिवस लागतील. तोवर काढणी बंद ठेवू."

"दोन दिवस! परवा पाहुणे यायचेत, मॅडम. सलग चाळीस आठवडे हिरवी खाडी, म्हणून प्रमाणपत्र द्यायला येतायत. त्यांना काय बंदीची पाटी दाखवू?"

"साहेब, माणसं खातात हो ते."

"नियम काय म्हणतो? नकाशा लाल झाला तर बंदी. तुमचा नकाशा लाल आहे?"

"लाल दिसायच्या आधीच पुसला जातोय!"

"म्हणजे लाल नाही." नखाचा एक तुकडा उडून नकाशावरच्या खाडीत पडला. साहेबांनी फुंकर मारली. "काका, घ्या लिहून. खाडी सुरक्षित, काढणीस हरकत नाही."

आणि मी घेतलं लिहून. दहाच्या ठोक्याला पत्रक सगळ्यांच्या फोनवर गेलं.

ढगवाली माझ्या टेबलाशी आली. "काका, टाइप केलंत?"

"साहेबांनी सांगितलं ना, पोरी."

 ताटात झुरळ दिसावं तशी ती माझ्या हातांकडे बघत राहिली.

पत्रकाबाहेरचं अक्षर बाहेर बोलायचं नाही, बोललं तर नोकरी गेली, असा आमच्याकडे नियम. म्हणून तिनं आधी सरळ रस्ता धरला. वरच्या कचेरीला फोन लावले. एक साहेब बैठकीत, दुसरे दौऱ्यावर, तिसऱ्यांनी "लेखी पाठवा" म्हणून ठेवून दिला. यात गेला तास. मग तिनं माझ्याच टेबलावरून आपल्या भावाला फोन लावला. तो त्याच खाडीत तराफा चालवायचा. होडीच्या इंजिनावर ओरडून बोलायची सवय. त्याचा शब्दन् शब्द मला ऐकू येत होता.

"बोल गं ढगवाले! झालं का आभाळ पुसून?"

"दादा, शिंपल्या काढू नकोस. सगळ्यांना थांबव."

"अगं, तुमचंच पत्रक आलंय की, हिरवंगार. नकाशा तुझाच ना?"

"माझाच. पण खोटा आहे."

 मग तो म्हणाला, "कचेरीचं ऐकू की तुझं?"

"माझं ऐक."

"बरं, तुझं." आणि हसून म्हणाला, "पण माझ्या पहिल्या सहा मघाशीच खाऊन झाल्या की गं. ओठांना मुंग्या आल्यात. म्हटलं पाणी गार आहे, त्यानं असेल."

तराफेवाल्यांची ती रीतच. काढणीच्या दिवशी आपल्या दोरावरच्या पहिल्या शिंपल्या आपण तिथंच उघडून खायच्या. स्वतः न चाखलेलं दुसऱ्याच्या ताटात जाऊ द्यायचं नाही. माझ्या देवा, काय माणसं ही! आणि आम्ही कोण!

"दादा, आत्ताच्या आत्ता किनाऱ्याला ये. दवाखान्याची गाडी पाठवते."

"येतो येतो, रडू नकोस. वाटेत बाकीच्यांना सांगून येतो. कामात फोन कोण उचलतंय?"

वाटेत म्हणे! एकोणीस तराफे, आणि त्यातला एकही त्याच्या वाटेवर नव्हता. तो होडी घेऊन प्रत्येकाकडे गेला. हे सगळं मागाहून त्याच लोकांनी सांगितलं. बाराव्या तराफ्यापाशी त्याची जीभ जड झाली, तेव्हा त्यानं हातवारे केले. लोकांना वाटलं, थट्टा करतोय. मग त्यानं त्यांच्या टोपल्या स्वतः उचलून पाण्यात उलट्या केल्या, शिव्या खाल्ल्या. शेवटच्या तराफ्यावर एक आजीबाई शिंपली तोंडाला लावत होत्या, ती त्यानं हाताला फटका मारून उडवली आणि तिथंच फळीवर बसला. पाय चालेनात. त्या आजीबाईंनीच त्याला होडीतून किनाऱ्याला आणलं. गाडीत श्वास थांबला. खाल्लेले बाकीचे अकरा वेळेवर दवाखान्यात पोचले आणि वाचले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. फोटोला बसावं तसा दुखवट्याचा चेहरा, आणि रुमालाला अत्तर.

"तिच्या भावाचं फार वाईट झालं हो, काका. फार वाईट. बरं, फाइलमधलं ते कालचं पत्रक नवीन करू. 'ढगाळ हवामानामुळे माहिती उपलब्ध नव्हती.' तारीख कालचीच ठेवा."

मी कीबोर्डवरून हात काढून घेतले.  

"आभाळ स्वच्छ होतं, साहेब. तीन दिवस. मी सायकलनं येतो, मला माहीत आहे."

"तुम्हाला कुणी विचारलंय?"

"नाही विचारलं. पण मी टाइप करणार नाही."

त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि एका बोटानं स्वतः लिहायला बसले. 'ढगाळ'मधला ढ त्यांना सापडेना. शोधत राहिले, सापडल्यावर "हां" म्हणाले. समोर उभं राहून मी अक्षर न् अक्षर बघितलं. मग जुन्या पत्रकाची प्रत काढली, खाली माझी सही होतीच, आणि ती ढगवालीच्या हातात दिली. चौकशी झाली तर दाखव म्हटलं, त्यात माझं नाव आलं तरी येऊ दे. तिनं प्रत घेतली. मला काका म्हणाली नाही, आणि पुन्हा कधीही म्हणाली नाही.

चौकशी अजून चालूच आहे. प्रमाणपत्र मात्र महिन्याभरातच आलं आणि जिन्यात काचेत लागलं.

साहेबांना देव क्षमा करील, त्याचं मन मोठं आहे. माझ्या मनात तेवढी जागा नाही. साहेबांसाठी नाही आणि दहाच्या ठोक्याला चाललेल्या या बोटांसाठीही नाही. माझ्यासाठी तुम्ही काही मागू नका. पण आज घरी जाऊन हात जोडाल, तेव्हा त्या तराफेवाल्याला आठवा. जीभ चालेना तेव्हा जो हातांनी बोलला, त्याला एवढं घडीभर आठवा.