दुसऱ्या ट्रायलचा कोट

खडूचा तो तुकडा झिजून नखाएवढा उरला होता, तरी त्याची कड अजून धारदार होती – शिंपीमास्तरांनी तो बोटांत फिरवून पाहिला आणि सवयीने मापवहीच्या पुठ्ठ्यावर एक रेघ ओढली. रेघ सरळ आली. डोळे आताशा दोऱ्याला सुईत जाऊ देत नसत, परंतु हात अद्याप आपला शब्द पाळत होता. त्यांनी तो तुकडा पेटीत टाकला. पेटीत कात्र्या होत्या, टेप होते, बटणांचे डबे होते. आणि चार वाजता चर्चच्या मंडळीच्या शिवणवर्गाची हातगाडी हे सर्व नेण्यास येणार होती.

दोन रविवारांपूर्वीची ती गोष्ट. पाळकसाहेबांनी उपासनेत सांगितले, की माणसाच्या दोन्ही मुठी जर गच्च आवळलेल्या असतील, तर देवाने आपले देणे ठेवावे तरी कोठे? आणि नांगर धरून मागे पाहत चालणाऱ्याची सरी कधी सरळ जाईल काय? मास्तर एरवी प्रवचनाचेही माप घेतात – लांबीला जास्त, छातीला कमी – अशी त्यांची ख्याती. परंतु त्या दिवशी ते भर मंडळीत उठून उभे राहिले आणि म्हणाले, दुकानात आहे नाही ते सगळे देतो, सुईसुद्धा ठेवत नाही. शेपन्नास माना वळल्या. मास्तरांच्या छातीत काहीतरी ऊबदार दाटून आले… ती भक्ती होती की आणखी काही, हे त्यांनी त्या वेळी स्वतःला विचारले नाही.

आता दुकान रिकामे होत आले होते. कापडाचे गठ्ठे बांधून झाले, मशीन पुसून झाले. कोपऱ्यात मात्र लाकडी पुतळा तसाच उभा होता, आणि त्यावर पांढरी चादर, आणि चादरीखाली कोट.

करडा, लोकरी कोट. बाहेरून कच्चे टाके घातलेला, एकच बाही जोडलेला, पहिली ट्रायल झालेला. दुसऱ्या ट्रायलला गिऱ्हाईक आले नाही. ते गिऱ्हाईक म्हणजे मास्तरांचा एकुलता एक मुलगा, आणि ह्या गोष्टीला अकरा वर्षे झाली. मुलगा दूरच्या शहरात तयार कपड्यांच्या कारखान्यात लागला होता, जेथे माणसांना नावे नसतात, लहान, मध्यम आणि मोठा एवढेच असते. नोकरीच्या पहिल्या दिवसासाठी बापानेच हौसेने कोट शिवावयास घेतला, आणि मुलगा तो तसाच टाकून गेला. दर शनिवारी मास्तर चादर काढीत, कोटावरून ब्रश फिरवीत, डांबराच्या गोळ्या बदलीत. लेक म्हणे, बाबा, त्या पुतळ्याला तरी एक दिवस सुट्टी द्या. गेल्या वर्षी तिनेच फोनवर भावाचा फोटो दाखवला होता. पोट सुटलेले, खांदे उतरलेले, कपाळ मागे सरकलेले. जात्या शिंप्याच्या नजरेने मास्तरांनी पापणी लवायच्या आत माप घेतले – छाती बेचाळीस. कोट छत्तीसचा होता. हे कळूनही पुढच्या शनिवारी त्यांनी गोळ्या बदलल्या…

हातगाडी आली. बरोबर शिवणवर्ग चालवणाऱ्या बाई होत्या. जन्मभर इस्पितळात नोकरी केल्यामुळे सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत, आणि दुखऱ्या जागी नेमके बोट ठेवण्याची त्यांची सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. सामान चढले. मग त्यांनी चादरीचा कोपरा उचलला.

“हा राहिला, मास्तर.”

“तो गिऱ्हाइकाचा आहे.”

“गिऱ्हाईक अकरा वर्षं फिरकलं नाही. आख्ख्या मंडळीला तोंडपाठ आहे ते, तुम्हीच सांगितलंय.”

मास्तरांनी उत्तर तयार ठेवलेले होते. तशी ती वेळ येणार हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी शांतपणे बायबलातल्या त्या बापाचा दाखला दिला, ज्याचा धाकटा मुलगा सर्वस्व उधळून परत आला, आणि ज्याने त्याच्यासाठी घरातील सर्वांत चांगले वस्त्र काढून दिले. मग ते वस्त्र त्याने जपून ठेवले होते म्हणूनच ना?

सिस्टरबाईंनी जरा विचार केला. “त्या बापानं माप घेऊन ठेवलं नव्हतं, मास्तर. हाताला जे चांगलं लागलं, ते पोराच्या अंगावर घातलं. आणि त्याआधी धावत गेला. तुम्ही कधी एक पत्र तरी टाकलंत?”

मास्तरांनी चादरीचा कोपरा पुन्हा खाली ओढला. ते पाहून बाई मवाळ झाल्या. असा अर्धवट कोट त्यांनाही उपयोगाचा नाही, त्या म्हणाल्या. पुरा करा नाहीतर उसवा, सकाळी येऊन नेते. आणि नाहीच जमलं तर राहू द्या, देवाला कोटावाचून थंडी वाजत नाही. गाडी खडखडत गेली.

पुरा करणे आता डोळ्यांना शक्य नव्हते. मास्तरांनी कोट टेबलावर घेतला. कच्चा टाका घालतानाच तो काढण्यासाठी घातलेला असतो, हे त्यांनी आजवर किती शिकाऊंना सांगितले असेल… त्यांनी एक टोक चिमटीत धरून ओढले. दोरा सळसळत सबंध निघून आला. दुसरा. तिसरा. बाही सुटली, पाठ सुटली, आणि अकरा वर्षे माणसासारखा उभा राहिलेला कोट पाच मिनिटांत सपाट तुकडे होऊन पडला. शिवणीच्या आतले कापड बाहेरच्याहून गडद होते, नव्यासारखे.

तो आला नाही, बघा, सगळं तयार होतं – हे वाक्य मास्तरांनी ह्या कोटाकडे बोट दाखवून किती जणांना ऐकवले होते. दाखवावयास कोट होता म्हणून तर ते वाक्य उभे होते. परंतु आता दाखवावयास काही नव्हते, आणि ती जुनी दुपार, जी नेहमी मुलगा दाराबाहेर पडण्यापासून सुरू होई, ती आज थोडी आधीपासून सुरू झाली. मुलगा आरशासमोर उभा. कोट अंगात. खांद्यावर टाचण्या. आणि टाचण्या तोंडात धरून, दातांच्या फटीतून, एक आवाज म्हणतो आहे – “कापडच हलकं निघालं, तर शिंप्यानं काय करावं?”

आवाज ओळखीचा होता, त्यांचा स्वतःचाच. तो कोटाच्या कापडाविषयी बोलत नव्हता. कापड तर दुकानातले सर्वांत भारी होते.

मुलगा हललाही नव्हता. एक एक टाचणी निघेपर्यंत तो श्वास धरून ताठ उभा राहिला होता, बापाचे काम बिघडू नये म्हणून. मग त्याने दोन्ही हातांनी कोट काढला, बाहीचे टाके ताणू न देता, आणि पुतळ्याच्या खांद्यावर नीट बसवून ठेवला. इतके नीट, की पुढे मास्तरांना तो कधी सारखा करावा लागला नाही.

मास्तर रिकाम्या दुकानात बसून राहिले. बाहेर उन्हे कलली. आपल्याच बोलाचे हे एवढे ओझे घेऊन आता कोठे जावे, ते त्यांना कळेना; पाळकसाहेबांकडे, लेकीकडे, की टपालकचेरीकडे… पण ते देऊन टाकण्याची घाई मात्र त्यांना वाटेना.